केसबुक फुकट मिळतं, पण बहुतेकजण ते उलट्या बाजूने वापरतात

व्हॉर्टन, केलॉग, कोलंबिया यांसारख्या बिझनेस स्कूलमधले कन्सल्टिंग क्लब केसबुकं काढतात. कन्सल्टिंग म्हणजे कंपन्यांना धंद्याबद्दल सल्ला देण्याचं काम, आणि केस म्हणजे त्या नोकरीच्या मुलाखतीत सोडवायला दिलेला एखाद्या कंपनीचा प्रश्न. शंभर-दोनशे पानांची पीडीएफ असते. आधीच्या बॅचने मुलाखतीत ऐकलेल्या किंवा स्वतः रचलेल्या केसेस पुढच्या बॅचच्या सरावासाठी तिच्यात जमवलेल्या असतात. या फाइली हातोहात फिरतात आणि तयारीला लागलेल्या माणसाकडे आठवडाभरात दहा-बारा केसबुकं सहज जमतात. हे परीक्षण मुख्यतः त्यांचंच आहे. जोडीला कंपन्यांच्या साइटवरच्या सराव-केसेस आणि पैसे मोजून मिळणारी मदतही पाहू.

मत आधीच सांगून टाकतो. केसबुक चांगलं आहे, पुरेसं आहे, फक्त ते उमेदवारासाठी लिहिलेलं नसतं. ते केस देणाऱ्यासाठी असतं. 'विचारलं तरच सांगा', 'उमेदवार अडला तर ही सूचना द्या', 'हा तक्ता आकडेमोडीनंतर दाखवा' अशा सूचना त्यात जागोजागी असतात. त्या मुलाखत घेणाऱ्याच्या भूमिकेत बसलेल्या माणसासाठी आहेत. उमेदवाराने ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं की त्यातल्या सगळ्या केसेस वाया गेल्या. उत्तर माहीत असलेली केस पुन्हा सोडवता येत नाही. तरीही बहुतेक मंडळी पहिला महिना नेमकं हेच करतात, आणि 'साठ केसेस झाल्या' असं सांगतात तेव्हा त्यातल्या पन्नास फक्त वाचलेल्या असतात.

आत काय असतं

सुरुवातीची वीस-तीस पानं फ्रेमवर्कची, म्हणजे विचार मांडायच्या तयार साच्यांची. नफ्याचं झाड (नफा म्हणजे उत्पन्न वजा खर्च, आणि दोघांच्या पुढच्या फांद्या), बाजारात प्रवेश, विलीनीकरण, किंमत ठरवणं, आणि हमखास मायकेल पोर्टर यांच्या १९७९च्या फाइव्ह फोर्सेसची, म्हणजे उद्योगातली स्पर्धा ठरवणाऱ्या पाच शक्तींची, आकृती. ही पानं एकदा वाचावीत आणि मिटावीत. त्यातलं नफ्याचं झाड तेवढं रोजच्या कामाचं. बाकीच्यांचा उपयोग 'काही विसरत तर नाही ना' हे मनात तपासण्यापुरता. मुलाखतीत कुणी 'मार्केट, कंपनी, कॉम्पिटिशन, प्रॉडक्ट' असे चार डबे काढले की समोरच्याला लगेच कळतं की पाठ केलंय, कारण तेच चार डबे सकाळपासून तिघांनी काढून दाखवलेले असतात.

मग केसेस. प्रत्येकीला प्रश्न, माहितीचा साठा, एक-दोन तक्ते, आकडेमोडीचं उत्तर, नमुन्याची मांडणी आणि नमुन्याची शिफारस. काही केसबुकांत उद्योगांची एक-एक पानी ओळखही असते: विमान कंपन्या, औषध कंपन्या, किरकोळ विक्री, बँका. पैसे कुठून येतात, मोठा खर्च कोणता, नफा कशावर हलतो. हा भाग मात्र बिनधास्त वाचावा. त्याने कुठलीही केस फुटत नाही, आणि विमान कंपनीच्या खर्चात इंधन आणि पगार हे दोन मोठे हिस्से असतात हे मांडणी करतानाच सुचलं तर अर्धं काम होतं.

वाचून का येत नाही: एक केस जवळून

केसबुकात जशी असते तशीच एक साधी केस घेऊ. लिफ्टची देखभाल करणारी कंपनी आहे. गेल्या वर्षी तिचा नफा २४ लाख डॉलर होता, यंदा १० लाखांवर आला. का, आणि काय करावं?

विचारल्यावर मिळणारी माहिती अशी. गेल्या वर्षी ८,००० लिफ्ट होत्या, प्रत्येकीमागे सरासरी १,५०० डॉलर फी. यंदा ९,००० लिफ्ट, सरासरी फी १,४००. तंत्रज्ञ १२० होते, ते १५० झाले. प्रत्येकाचा वर्षाचा खर्च ५०,००० डॉलर. सुटे भाग २० लाखांवरून २५ लाखांवर गेले. कार्यालय वगैरेचा खर्च दोन्ही वर्षी १६ लाख.

बहुतेकजण इथे बरोबर आकडेमोड करतात. उत्पन्न १.२ कोटीवरून १.२६ कोटीवर गेलं, म्हणजे ५ टक्के वाढ. खर्च ९६ लाखांवरून १.१६ कोटीवर गेला, म्हणजे जवळपास २१ टक्के. मग म्हणतात, 'किंमत घसरली आहे आणि कामगारखर्च वाढला आहे, तेव्हा किंमत वाढवावी आणि तंत्रज्ञांची उत्पादकता सुधारावी.' आकडे बरोबर आहेत, पण केस सुटलेली नाही. पाचपैकी तीन गुण.

सरासरी फी १,४०० झाली म्हणजे सगळ्यांची कमी झाली असं नाही. इथे विचारायचा प्रश्न एकच: जुन्या ८,००० लिफ्टची फी बदलली का? उत्तर 'नाही' असेल, तर जुन्यांचे १.२ कोटी तसेच आहेत आणि नव्या १,००० लिफ्टमधून फक्त ६ लाख आले. म्हणजे एका लिफ्टमागे ६०० डॉलर. आता हाच चाकू खर्चावर चालवा. जुन्या लिफ्टसाठी तेच १२० तंत्रज्ञ पुरत असतील, तर नव्या १,००० लिफ्टना ३० जण लागले. जुन्या लिफ्ट एका तंत्रज्ञामागे साधारण ६७, नव्या ३३. सुट्या भागांचंही तसंच. जुन्यांना लिफ्टमागे २५० डॉलर, नव्यांना ५००. आता एका नव्या लिफ्टचा हिशेब असा: ६०० आले, मजुरीचे १,५०० आणि भागांचे ५०० गेले. तोटा १,४००. हजार लिफ्टचा तोटा १४ लाख. नफा नेमका तेवढाच पडला आहे.

पण ही केस इथेही संपत नाही, आणि चार गुणांचा उमेदवार व पाच गुणांचा उमेदवार इथेच वेगळे होतात. नुसती फी वाढवून भागेल का? नव्या लिफ्टवरचा थेट खर्चच २,००० आहे, आणि जुने ग्राहकसुद्धा १,५०० देतात. ६०० देणारा २,००० द्यायला कशाला तयार होईल? नुसती मजुरी जुन्या पातळीवर आणली तर? लिफ्टमागे मजुरी ७५० आणि भाग ५००, म्हणजे १,२५० खर्च आणि ६०० उत्पन्न. तरी तोटाच. फी १,५०० आणि मजुरी ७५० या दोन्ही गोष्टी एकदम झाल्या तरच लिफ्टमागे २५० डॉलर उरतात. म्हणजे शिफारस अशी: हे करार जसे आहेत तसे पुढे चालू ठेवू नयेत. नूतनीकरणाच्या वेळी नेहमीची फी आणि मर्यादित भेटी या दोन्ही अटी मान्य होत असतील तरच ठेवावेत. धोका हा की मधेच सोडल्यास दंड भरावा लागेल का. पुढचं पाऊल म्हणजे करारांची मुदत तपासणं, आणि नव्या लिफ्टना दुप्पट मजुरी का लागते ते पाहणं. जुनाट यंत्रं आहेत, दुसऱ्या कंपनीच्या बनावटीची आहेत, की ठिकाणं दूरदूर आहेत?

केसबुकात हीच केस वाचली तर उत्तराच्या पानावर 'नवे करार तोट्यात' एवढी एक ओळ दिसते. आपण म्हणतो, बरोबर, साहजिक आहे. पण सरासरीचा आकडा ऐकल्यावर तोंडातून 'याची विभागणी मिळेल का' हा प्रश्न निघणं हेच तर कौशल्य आहे, आणि उत्तर डोळ्यांसमोर असताना तो प्रश्न पडतच नाही. दोष केसबुकाचा नाही. स्वयंपाकाचं पुस्तक वाचून हाताला चव येत नाही, तसंच.

केस द्यायची कशी

तेव्हा केसबुक दोघांत किंवा तिघांत वापरायचं. एक केस देणारा, एक उमेदवार, आणि तिसरा मिळाला तर नोंदी करणारा. कोणती केस घ्यायची ते देणाराच ठरवतो, उमेदवाराने अनुक्रमणिकाही पाहायची नाही. कारण शीर्षकाखाली बऱ्याचदा 'प्रकार: किंमत ठरवणे' असं लिहिलेलंच असतं, आणि अर्धी केस तिथेच फुटते.

देणाऱ्याने आदल्या दिवशी केस स्वतः सोडवावी, उत्तराचं पान झाकून. पंचवीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात त्याचाही सराव होतो. यातूनच केसबुकातल्या चुका सापडतात, आणि चुका असतात. विद्यार्थ्यांनी घाईत लिहिलेलं काम आहे. टक्के आणि टक्केबिंदूंची सरमिसळ, तक्त्यातली बेरीज न जुळणं, एका पानावर वार्षिक आणि दुसऱ्यावर मासिक आकडा. अशी केस तपासल्याविना दिली तर समोरचा बरोबर उत्तर काढूनही 'चूक' ऐकतो आणि दहा मिनिटं वाया जातात.

तक्ते वेगळ्या फाइलीत काढून ठेवावेत. व्हिडिओ कॉलवर सगळी पीडीएफ स्क्रीनवर टाकली की पान सरकवताना उत्तर दिसतंच. तक्ता दाखवला की शीर्षक आणि एककं वाचायला पंधरा-वीस सेकंद द्यावीत आणि गप्प बसावं.

वेळेचं गणित साधारण असं बसतं. प्रश्न सांगायला एक-दोन मिनिटं. उमेदवाराने तो आपल्या शब्दांत परत सांगणं आणि दोन-तीन शंका विचारणं, आणखी दोन मिनिटं. मांडणीसाठी शांतता दोन मिनिटं. तीन झाली तर देणाऱ्याने टोकायचं. मांडणी बोलून दाखवायला दोन-तीन मिनिटं. मग विश्लेषण बारा ते पंधरा मिनिटं, आणि शेवटी 'सीईओ खोलीत येतायत, काय सांगाल?' यावर एक मिनिटात शिफारस. शिफारशीआधी विचार करायला वेळ मागू द्यावा, पण तीस सेकंदांवर नाही. एकूण अर्ध्या तासाच्या आत. अभिप्रायाला आणखी पंधरा मिनिटं लागतात आणि तीच सगळ्यांत जास्त वेळा कापली जातात.

देणाऱ्याच्या हातून होणारी सगळ्यांत मोठी चूक म्हणजे दयाळूपणा. उमेदवार अडखळला की लगेच 'तुम्हाला लिफ्टच्या प्रकारानुसार आकडे हवेत का?' असं विचारणं. झालं, केस देणाऱ्यानेच सोडवली. शांतता तीस सेकंद सोसायची. तरीही काही आलं नाही तर 'आत्तापर्यंत काय कळलं ते सांगा' एवढंच म्हणायचं. बहुतेकदा सांगता सांगता त्यालाच दिसतं. उलट टोकाची चूक म्हणजे विचारलेली माहिती 'आपल्याकडे नाही' म्हणून नाकारणं, केवळ केसबुकात लिहिलेली नाही म्हणून. प्रश्न शहाणपणाचा असेल तर 'चांगला प्रश्न आहे, समजा ती तेवढीच राहिली' असं म्हणून पुढे जावं.

अभिप्रायाची भाषा फार महत्त्वाची. 'स्ट्रक्चर अजून चांगलं हवं होतं' हा अभिप्राय नाही, ही तक्रार आहे. 'अकराव्या मिनिटाला सरासरी फी १,४०० ऐकलीत आणि सरळ गुणाकार केलात. फी का घसरली ते विचारलं नाहीत' हा अभिप्राय. म्हणून नोंदी शब्दशः आणि वेळेसकट हव्यात. पाच गोष्टींना गुण द्यावेत: मांडणी, आकडेमोड, तक्त्यातून आणि आकड्यांतून अर्थ काढणं, बोलण्याची स्पष्टता, शेवटची शिफारस. पाचही दुरुस्त करायला सांगू नयेत. पुढच्या वेळेसाठी एकच निवडायची.

मांडणीबद्दल थोडं

केसबुकातल्या नमुन्याच्या मांडण्या हा त्यांचा सर्वांत कमजोर भाग. 'उत्पन्न' आणि 'खर्च' या दोन फांद्या काढून थांबतात किंवा पंधरा मुद्दे एका पानावर ओततात. मुद्दे एकमेकांवर चढू नयेत आणि काही सुटू नये, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. एमईसीई म्हणतात तो. मॅकिन्झी या कन्सल्टिंग कंपनीत काम केलेल्या बार्बरा मिंटो यांच्या नावाशी तो जोडलेला आहे. पण नियम पाळूनही मांडणी निरर्थक असू शकते. 'अंतर्गत कारणं आणि बाह्य कारणं' ही विभागणी पूर्ण एमईसीई आहे आणि तिच्यातून पुढे काय विचारायचं हे काहीच कळत नाही.

लिफ्टच्या केसमध्ये कामाची मांडणी अशी: एका लिफ्टमागे उत्पन्न (मूळ फी, जादा दुरुस्तीचं बिल), एका लिफ्टमागे खर्च (वर्षाला भेटी, दर भेटीचे तास, तासाचा दर, सुटे भाग), लिफ्टची संख्या आणि त्यांचे प्रकार (जुने ग्राहक की नवे, कोणत्या बनावटीच्या), आणि लिफ्टशी न बदलणारा खर्च. प्रत्येक फांदीच्या टोकाशी आकडा मागता येतो. कसोटी हीच. टोकाशी आकडा किंवा हो-नाही प्रश्न लटकत नसेल तर ती फांदी शोभेची. आणि बोलून दाखवल्यावर 'मी लिफ्टमागच्या खर्चापासून सुरुवात करेन, कारण ग्राहक वाढूनही नफा पडलाय' असं कारणासकट सांगायचं. हे वाक्य केसबुकातल्या एकाही नमुन्यात नसतं म्हटलं तरी चालेल.

आकडेमोड

समोरासमोरच्या मुलाखतीत कॅल्क्युलेटर नसतो. केसबुकातले आकडे मात्र फार गोंडस असतात, २०० भागिले ५ छापाचे. प्रत्यक्षात ३.४ अब्जाचे १७ टक्के काढावे लागतात. त्यासाठी १/६ म्हणजे १६.७, १/७ म्हणजे १४.३, १/८ म्हणजे १२.५, १/९ म्हणजे ११.१, १/१२ म्हणजे ८.३ टक्के हे तोंडावर हवं. १७.५ टक्के म्हणजे दहा, अधिक पाच, अधिक अडीच. किती वर्षांत दुप्पट होईल, तर ७२ ला वाढीच्या टक्क्यांनी भागायचं. गुणाकारात एक आकडा वर सरकवला तर दुसरा खाली सरकवावा. भागाकारात दोन्ही एकाच दिशेने. आणि सरकवण्याआधी समोरच्याला विचारावं.

मराठीत विचार करणाऱ्याने आणखी एक गोष्ट जपायची. केस इंग्रजीत असेल तर आकडे मिलियन-बिलियनमध्ये येतात आणि डोकं लाख-कोटीत धावतं. एक मिलियन म्हणजे दहा लाख, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, हे सगळ्यांना माहीत असतं. तरीही केसच्या मधोमध एकदा इकडे, एकदा तिकडे गेलं की शून्य हरवतं. वर लिफ्टची केस लाख-कोटीत मांडली ती मराठी लेखासाठी. सरावात तीच १२ मिलियन आणि १२.६ मिलियन म्हणून करावी. कागदावर प्रत्येक ओळीच्या कोपऱ्यात एकक लिहायची सवय लागली की ही चूक जवळपास नाहीशी होते.

आकडेमोडीसाठी केसबुकाची गरजही नाही. रोज दहा मिनिटं कुठल्याही कंपनीच्या ताळेबंदातले आकडे घेऊन टक्के आणि वाढ काढावी. ते आकडे अजिबात गोंडस नसतात.

कंपन्यांच्या स्वतःच्या केसेस

मॅकिन्झी, बीसीजी (बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप) आणि बेन या तिन्ही कन्सल्टिंग कंपन्या आपापल्या साइटवर सरावाचं साहित्य फुकट ठेवतात. मॅकिन्झीच्या केसेसमध्ये डायकॉन्सा (मेक्सिकोच्या ग्रामीण दुकानांच्या जाळ्यातून आर्थिक सेवा), ग्लोबाफार्म (औषध कंपनीने एक छोटी बायोटेक कंपनी घ्यावी का), ब्युटिफाय (दुकानातल्या विक्रेत्यांना ऑनलाइन कामाकडे वळवावं का) अशा केसेस आहेत. त्यांचा दर्जा केसबुकांपेक्षा वरचा आहे. उत्तरं तपासलेली असतात आणि 'चांगल्या उत्तरात आणखी हे असू शकेल' असं मोकळं लिहिलेलं असतं, एकच उत्तर लादलेलं नसतं. आधी प्रश्न, मग उत्तर अशी रचना असल्यामुळे त्या एकट्यानेही करता येतात, फक्त उत्तर उघडण्याआधी स्वतःचं उत्तर मोठ्याने बोलून रेकॉर्ड करायला हवं. मनातल्या मनात दिलेलं उत्तर नेहमीच छान असतं.

उणीव दोन प्रकारची. केसेस मोजक्याच आहेत आणि सगळ्यांनी पाहिलेल्या आहेत, त्यामुळे सरावाच्या जोडीदाराला त्या माहीत असणारच. म्हणून पहिल्या आठवड्यात सगळ्या उडवू नयेत. एक सुरुवातीला करून ढंग समजून घ्यावा, उरलेल्या शेवटच्या दहा दिवसांसाठी ठेवाव्यात. दुसरं असं की लेखी केस मधेच उलट प्रश्न विचारत नाही.

मुलाखतीच्या धाटणीतला फरकही इथेच कळतो. मॅकिन्झीत मुलाखत घेणारा प्रश्नामागून प्रश्न विचारत केस पुढे नेतो. बीसीजी आणि बेनमध्ये सर्वसाधारणपणे उमेदवारानेच केस हाकायची असते: पुढे काय तपासायचं, कशासाठी, कोणता आकडा लागेल. विद्यार्थ्यांची बहुतेक केसबुकं दुसऱ्या पद्धतीची आहेत. मॅकिन्झीची तयारी करणाऱ्याने त्यातल्या केसचे देणाऱ्याकडून पाच सुटे प्रश्न करून घ्यावेत: एक मांडणीचा, एक कल्पना सुचवण्याचा, एक तक्त्याचा, एक आकड्यांचा आणि एक शिफारशीचा. प्रत्येकाचं उत्तर पूर्ण, स्वतंत्र आणि आधीच्या उत्तराशी जोडलेलं हवं. पद्धत बदलली की उमेदवार गोंधळतात ते इथे. एकीकडे 'पुढे काय' हे स्वतः न सांगितल्याने गुण जातात, दुसरीकडे विचारलेल्या प्रश्नापलीकडे धावल्याने.

मुलाखतीआधीच्या ऑनलाइन चाळण्यांना, म्हणजे मॅकिन्झीच्या सॉल्व्ह या खेळासारख्या चाचणीला किंवा बीसीजीच्या केसी या चॅटबॉटला, केसबुकं जवळपास कुचकामी आहेत. जुन्या आवृत्त्यांत त्यांचा उल्लेखही नसतो. केसीसाठी वेळ लावून तक्ते वाचण्याचा आणि टाइप करून नेमकं उत्तर देण्याचा सराव वेगळा करावा लागतो. वैयक्तिक प्रश्नांबाबतही केसबुकं दोन पानांत गुंडाळतात. मॅकिन्झीत एकाच प्रसंगावर दहा-पंधरा मिनिटं खोदून विचारतात: 'तो नाही म्हणाला तेव्हा तुम्ही नेमकं काय बोललात?' केसबुकातल्या 'परिस्थिती, कृती, परिणाम' या साच्यावर तेवढा वेळ तग धरता येत नाही.

कोणतं केसबुक, किती केसेस

गेल्या चार-पाच वर्षांतलं घ्यावं. जुन्यांत तक्ते कमी आणि 'अमेरिकेत पेट्रोलपंप किती' छापाचे अंदाजाचे प्रश्न जास्त. दोन वेगवेगळ्या स्कूलची दोन केसबुकं पुरतात. त्याहून जास्त घेतली तर त्याच केसेस नावं बदलून पुन्हा भेटतात, कारण क्लब एकमेकांकडून सर्रास उचलतात. 'सोपी-मध्यम-कठीण' हे शिक्के मनावर घेऊ नयेत. कठीण म्हणजे बऱ्याचदा नुसती लांबलचक आकडेमोड असते, आणि 'सोपी' म्हटलेल्या नफ्याच्या केसमध्ये लिफ्टच्या केससारखा सापळा असतो.

नीट अभिप्रायासह केलेल्या पंचवीस-तीस केसेस बहुतेकांना पुरतात, तेवढ्याच इतरांना दिलेल्याही असाव्यात. पन्नासच्या पुढे गेल्यावर एक विचित्र गोष्ट होते: उमेदवार प्रश्न ऐकतच नाही. 'नफा' शब्द आला की आठवणीतली केस बाहेर काढतो. एकाच जोडीदाराबरोबर सलग आठ-दहा केसेस झाल्या की बदल करावा. त्याच्या सवयी तुम्हाला आणि तुमच्या त्याला पाठ झालेल्या असतात.

पैसे कुठे मोजावेत

केसेसच्या संग्रहावर मोजू नयेत. विकत मिळणाऱ्या बहुतेक संग्रहांत फुकट केसबुकांपेक्षा वेगळं काही नसतं, छपाई तेवढी सुबक असते. गणिताच्या ड्रिलचं सदस्यत्व ज्याला स्वतःहून रोज बसवत नाही त्याच्यासाठी ठीक. एआय चॅटबॉटला केस द्यायला सांगणारे वाढले आहेत. कल्पना सुचवण्याच्या आणि एक मिनिटाच्या शिफारशीच्या सरावाला तो चालतो. पूर्ण केस देताना मात्र न विचारलेली माहिती पुरवतो, मधेच आकडे बदलतो आणि साधारण उत्तरालाही वाहवा म्हणतो. म्हणजे दयाळू जोडीदाराचेच सगळे दोष. वापरायचाच तर केसबुकातली केस आकड्यांसकट त्याला द्यावी आणि 'विचारल्याशिवाय काही सांगू नकोस, शेवटी फक्त तीन चुका सांग' अशी अट घालावी. आकडे तरीही स्वतः तपासावेत.

कन्सल्टिंगमधून बाहेर पडलेल्या माणसाकडून मिळणारा मॉक इंटरव्ह्यू, म्हणजे सरावाची मुलाखत, ही एकच गोष्ट पैसे देण्याजोगी, आणि तीही दोनदाच. पहिला, दहा-बारा केसेस झाल्यावर. त्याआधी घेतला तर जे जोडीदार फुकटात सांगतो तेच ऐकायला मिळतं. दुसरा, मुलाखतीच्या सात-आठ दिवस आधी, म्हणजे सांगितलेलं दुरुस्त करायला वेळ राहतो. आदल्या दिवशी घेतलेला मॉक फक्त झोप उडवतो. तास ठरवताना आधीच लिहून कळवावं: कोणत्या कंपनीची पद्धत हवी, आत्तापर्यंतच्या अभिप्रायांत कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा आली, आणि केस अर्ध्या तासात संपवून उरलेला वेळ अभिप्रायाला हवा. अभिप्रायात 'या मुलाखतीवरून तुम्ही मला पुढच्या फेरीत पाठवलं असतं का, नसतं तर कोणत्या मिनिटाला मत फिरलं?' हे सरळ विचारावं. 'एकंदर चांगलं झालं' म्हणून सोडून देणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जायचं कारण नाही.